सूतगुंडीची मेंढरं

केरेतारो,
१२ नोव्हेंबर १९९६

दादा,

डाव्या हाताला तव्याचा चटका बसलाय, उजवा मोकळा आहे, म्हणून आज तुला पत्र. एरवी या निवडुंगांच्या बागेच्या खाणावळीत चाळीस माणसांचं रांधून झालं की मला स्वतःचं नावसुद्धा लिहवत नाही. अबुंदियो बरा आहे. माझ्या नवऱ्याची खुशाली तू विचारणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून मीच सांगून टाकते.

आता मुद्द्याचं. इथे ओब्दुलिया बाई म्हणून एक डॉक्टर आहेत. माणसांच्या नव्हेत, झाडांच्या. अर्धा जन्म त्यांनी निवडुंगांत घातलाय. परवा जेवता जेवता त्यांनी टेबलावर फोटो पसरले होते. मी मसुराची आमटी वाढायला वाकले तर फोटोत आपलं मेंढरू. तेच ते, लिंबाएवढं, पांढरं, बारीक सूत गुंडाळून ठेवल्यासारखं. मी म्हणाले, "बाई, ही आमची मेंढरं तुमच्याकडे कशी?"

त्यांना वाटलं चटक्याचा ताप डोक्यात चढला. मग मी सगळं सांगितलं. डिसेंबरात बाळ येशूचा गोठा मांडायचा म्हटलं की आई टेकडीवरून निवडुंगाच्या अकरा सूतगुंड्या मुळासकट काढून आणायची आणि गोठ्यापुढच्या शेवाळावर चरायला सोडायची. काढतानाच उगवतीच्या अंगाला काजळाचा ठिपका लावायची. फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला बाळाला उठवून नवे कपडे घातले की अकराच्या अकरा परत टेकडीवर, ज्याच्या त्याच्या खळग्यात, ठिपका उगवतीकडे करून. बाईंचा चमचा हातातच राहिला. म्हणाल्या, "दर वर्षी परत लावायची?" मी म्हणाले, "मग काय, मेंढरं घरी सोडायला नकोत?"

दादा, जगात ही सूतगुंडी आपोआप उगवते ती फक्त आपल्या त्या एका टेकडीवर आणि आसपास. बाकी आहे ती काचेच्या घरांत, कुंड्यांत. गेल्या नऊ वर्षांत इथल्या कुणाला ती तिच्या जागेवर दिसलेली नाही. बाईंच्या हाताखाली शिकणारी मुलं दोनदा येऊन गेली, त्यांना नुसते खळगे सापडले. आता मे महिन्यात त्यांची नोंदींची वही बंद होणार. तोवर एकही सापडली नाही तर "आपल्या जागेवरून संपली" असं लिहावं लागेल. आणि एकदा तसं लिहिलं की टेकडीला वाली कोण? संगमरवर काढणारे पलीकडच्या डोंगरावर येऊन बसलेच आहेत.

मी शब्द देऊन बसले. म्हणाले, माझ्या दादाला त्या टेकडीचा दगड न् दगड ठाऊक आहे, तो दाखवील. कधी आणू बाईंना ते कळव.

तुझी हेर्मे

*

१ डिसेंबर १९९६

हेर्मेलिंदा, आशीर्वाद.

चटक्याला कोरफडीचा गर लाव. तिथे एवढी मोठी बाग आहे, कोरफड असेलच.

टेकडीवर काही नाही. तुझ्या बाईंना सांग, उगाच पेट्रोल जाळू नका. मी बकऱ्या घेऊन रोज तिथून जातो. काही असतं तर दिसलं असतं.

शब्द द्यायच्या आधी ज्याच्या जिवावर देतो आहोत त्याला विचारायचं असतं. लहानपणी पाद्रीबाबांना "दादा घंटा दुरुस्त करून देईल" म्हणून सांगून आलीस आणि मला दोन दिवस मनोऱ्यात लटकावलंस, ते विसरलो नाही.

काळ्या बकरीला दोन पिल्लं झाली. प्रिसिलियानो रविवारी डॉमिनो खेळायला येतो आणि हरून जातो. गोठा मी या वर्षीही मांडणार आहे. मेंढरं कापसाची करीन.

फिदेन्सियो

*

केरेतारो,
७ जानेवारी १९९७

दादा,

काल तीन राजांच्या पावातली बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली. म्हणजे कांदेलारियाला अख्ख्या बागेला मक्याच्या पिठाचे तामाले माझ्याकडून. माझं नशीब कसं असतं ते तुला माहीतच आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "टेकडीवर काही नाही" एवढं एक वाक्य, आणि मग बकरी. तू असं तुटक बोललास की पोटात काहीतरी असतं. मी ते पत्र बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, या झाडांची चोरी बाहेरचा माणूस एकटा कधी करत नाही. त्याला जागा माहीत नसते. गावातला कुणीतरी वाटाड्या होतो, खोकी भरून देतो, आणि मग गाव त्याला सांभाळून घेतं.

आता मला कळलं तू का गप्प आहेस. तो प्रिसिलियानोच ना? चुन्याच्या भट्टीसाठी तो सारखा टेकडीवर असायचा. त्याच सुमारास त्याच्या घरावर पत्रे चढले, हेही मला आठवतंय. दर रविवारी डॉमिनो खेळतोस म्हणून मित्राला झाकतोयस. तुझा स्वभावच तो. पण आईची मेंढरं ज्याने विकली त्याची मला अजिबात कीव नाही. मी बाईंना त्याचं नाव सांगितलं आहे. त्या कुणाला तरी त्याच्याकडे चौकशीला पाठवणार आहेत. पुढेमागे त्याच्याच तोंडून कळेल, एखादी तरी कुठे शिल्लक आहे का ते.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

हेर्मे

*

२६ जानेवारी १९९७

हेर्मे,

प्रिसिलियानोचं नाव परत घे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी घे, तामाले करपले तरी चालतील.

बुधवारी जीपमधून दोन माणसं आली. त्याच्या अंगणातली प्रत्येक कुंडी त्यांनी उलटीसुलटी करून बघितली. बोलणं सभ्य होतं, पण सगळा गाव कुंपणाशी उभा होता. त्याच्या बायकोने त्या दिवसापासून दार उघडलेलं नाही. आज रविवार, तो डॉमिनोला आला नाही.

मेंढरं मी विकली.

आता वाच, मध्ये बोलू नकोस. एक्क्याऐंशीच्या सुमाराला आईचे डोळे कसे होते ते तू सणाला आलीस तेव्हा बघितलंस. मोतीबिंदू इतका पिकला होता की ती बकऱ्यांना अंगावर हात फिरवून ओळखायची. तू पाठवायचीस त्यात मीठमिरची निघायची, शहरातला दवाखाना नाही. त्र्याऐंशीत एक परदेशी माणूस आला. डोक्यावर मोठी टोपी, हातात सूतगुंडीचं चित्र. भाषा येत नव्हती, चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला टेकडीवर नेलं. दोन उन्हाळे मी सफरचंदाची खोकी गवत घालून भरली आणि कानेला गाढवीच्या पाठीवर लादून हमरस्त्यापर्यंत पोचवली. पहिल्यांदा वाटलं, थोडी काढू, उरतील. मग उन्हात ती जमिनीत आक्रसून बसतात, धुळीखाली दिसत नाहीत, तीसुद्धा शोधून काढली. माझ्याइतकी ती कुणाला दिसत नव्हती. त्या माणसाला दिसत नव्हती, तो माझ्या मागे चालायचा.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात आईचे दोन्ही डोळे ऑपरेशन होऊन बरे झाले. तुला मी सांगितलं होतं, पाद्रीबाबांनी ओळखीने करून दिले. तू त्यांना आभाराचं पत्रही पाठवलंस. त्यांनी मला बोलावून ते पत्र माझ्या हातात दिलं आणि एक शब्द विचारला नाही.

त्या डिसेंबरात आई म्हणाली, आता मेंढरं मीच आणते, मला दिसतंय. मी म्हणालो, गुडघे दुखतील, मी जातो. ती ऐकते का? शाल खांद्यावर टाकून सकाळी गेली ती ऊन कलल्यावर आली. शाल रिकामी. मी बकऱ्यांच्या कुडापाशी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं, हात धुतले आणि तवा ठेवला. त्या वर्षी तिने नदीतून अकरा पांढऱ्या गारगोट्या आणल्या आणि गोठ्यापुढे मांडल्या. पुढेही प्रत्येक वर्षी तेच. कांदेलारिया झाली की शालीत बांधून त्या बाहेर घेऊन जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. पुढच्या डिसेंबरात पुन्हा नव्या गारगोट्या. एकदा मी म्हणालो, "आई, दगडच ते, पेटीत ठेवलेस तर काय बिघडेल?" म्हणाली, "मेंढरं घरी सोडायची असतात." मरेपर्यंत तिने मला विचारलं नाही, टेकडी कुणी उघडी केली.

मी तिला डोळे आणून दिले आणि त्या डोळ्यांनी तिला पहिलं काय दिसलं, तर ते. सहा वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली.

तुझ्या बाईंना माझं नाव सांग. जीप पुन्हा आली तर मी अंगणात उभा राहतो. टेकडीवर काही नाही हे मी खरंच सांगितलं होतं.

फिदेन्सियो

*

केरेतारो,
३१ मार्च १९९७

दादा,

दोन महिने लिहिलं नाही. पहिला महिना मी तुझ्यावर इतकी चिडले होते की अबुंदियोने पेन लपवून ठेवलं. दुसऱ्या महिन्यात माझी मीच सापडेना.

आधी प्रिसिलियानोचं. त्याच दिवशी बाईंकडे गेले आणि म्हणाले, मी खोटं नाव दिलं, माणूस निर्दोष आहे, हवं तर मला कामावरून काढा. त्यांनी विचारलं, मग कोण? मी म्हणाले, माझा भाऊ, आईच्या डोळ्यांसाठी. त्यांनी एवढंच विचारलं, "धुळीत दडलेली सूतगुंडी त्याला खरंच दिसते?" मी हो म्हणाले. प्रिसिलियानोच्या घरी त्या स्वतः पत्र लिहिणार आहेत. मीही त्याच्या बायकोला लिहिलं, पण त्या लिहिण्याने काय होणार आहे.

डोळे पाद्रीबाबांनी केले असं मी तेरा वर्षं समजत होते. दर नाताळला त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. तू मला लिहिलं असतंस तर मी कुणाकडून उसने आणले असते, अंगावरचं विकलं असतं. पण तू कशाला लिहिशील. घंटा दुरुस्त करायची असो की आई, मनोऱ्यात एकट्यानेच लटकायचं.

आता माझं ऐक. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

चौऱ्याहत्तरपासून आईला अंधुक दिसायला लागलं, तेव्हा मेंढरं परत नेऊन लावायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. मी लग्न करून शहरात येईपर्यंत पाच-सहा कांदेलारिया ते मीच केलं. म्हणजे तिला तसं सांगत आले. दादा, मी टेकडीवर कधी गेलेच नाही. अबुंदियो घळीपाशी वाट बघत असायचा, गिटार घेऊन. तू त्याला दारात उभा करायचा नाहीस, मग आम्ही भेटायचं कुठे? टेकडी चढून उतरायची म्हणजे सगळी दुपार तिथेच जाणार. म्हणून घळीच्या अलीकडच्या अंगाला, जुन्या भट्टीच्या मागे, ती रुंद कपार आहे ना, तिथे मी ती लावून टाकायची. कुठल्या खळग्यातली कुठे, काही विचार नाही. फक्त काजळाचा ठिपका उगवतीकडे करायची, तेवढं पाप नको म्हणून. घरी येऊन आईला सांगायची, सगळी आपापल्या घरी गेली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

बाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्या म्हणतील ती जागा तिची नव्हे, तिथली धरता येत नाही. किंवा तिथे काही नसेलही, पहिल्या पावसात वाहून गेली असतील. तू आधी जाऊन बघ. वीस वर्षांत भट्टीमागे कोण गेलंय?

हेर्मे

*

९ एप्रिल १९९७

हेर्मे,

आहेत. बाईंना घेऊन ये. बाकीचं समक्ष.

फिदेन्सियो

*

केरेतारो,
१८ मे १९९७

दादा,

बसमध्ये झोप लागली आणि स्टॉप गेला. अबुंदियो टॉर्च घेऊन मला शोधत फिरत होता. तू त्याच्यासाठी दिलेलं बकरीचं चीज त्याने डब्यातून थेट खाल्लं आणि म्हणाला, "तुझ्या भावाने विष घातलं असेल तर आता उशीर झाला." तुला कळावं म्हणून लिहिलं.

समक्ष बोलू म्हणालास आणि दोन दिवसांत दहा वाक्यं बोललास. त्या कपारीवर मी लावलेली फार तर साठएक असतील, आणि ही तर दोनशेच्या घरात. मोठी मुठीएवढी, बारकी वाटाण्याएवढी, आणि काहींच्या डोक्यावर ते गुलाबी फूल. ओब्दुलिया बाई पोटावर आडव्या झाल्या आणि तशाच राहिल्या. त्यांची मुलं झाडं न दिसताच समोरून निघून जात होती आणि तू काठीने दाखवत होतास, इथे एक, इथे एक. एक मुलगा तुला "गुरुजी" म्हणाला, तेव्हा तू कसा झालास ते मी बघितलं.

मला भीती होती त्या जागेची. बसमध्ये मी बाईंना सगळं सांगून टाकलं, गिटारीसकट. त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, दगड तोच, ऊन तेच, मध्ये फक्त एक घळ आहे. झाड तिथे आपल्या आपण पिल्लं घालतंय, तर ते घर आहे. वहीत त्यांनी लिहिलंय, "आपल्या जागेवर आहे." टेकडी आणि घळ दोन्ही एकत्र राखायला मागणार आहेत. पाऊस झाला की बी काढून टेकडीवर पेरायचं, आणि त्या कामाला त्यांना तूच हवा आहेस. नाही म्हणू नकोस, कारण मी हो म्हणून सांगितलं आहे. सवय गेली नाही माझी.

एक विचारायचं राहिलं. जुन्या झाडांच्या भोवती त्या पांढऱ्या गारगोट्या तू मांडल्यास ना? बाईंनी त्यांचे वेगळे फोटो काढले. म्हणाल्या, हे ज्याने केलं त्याला झाड कळतं. गारगोट्या मावळतीच्या अंगाला आहेत, त्यामुळे दुपारचं ऊन अडतं, आणि खालच्या बाजूला बी साचतं, पावसात वाहून जात नाही. म्हणूनच एवढी पिल्लं झाली. नाहीतर मी लावलेली केव्हाच संपली असती. त्यांना ते नाव वहीत घालायचं आहे. मी म्हणाले दादाच, दुसरं कोण. पण तू पाच आठवड्यांत एवढं केलंस, आणि पिल्लं तर कितीतरी वर्षांची आहेत. तेव्हा मला काही कळेना. नीट लिही.

हेर्मे

*

१ जून १९९७

हेर्मे, आशीर्वाद.

प्रिसिलियानो आज डॉमिनोला आला. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "बस खाली. गवताने भरलेली खोकी तू हमरस्त्यावर कुणाच्या बैलाला खायला नेत होतास, असं मला तेव्हाच वाटलं होतं." मग तीन डाव जिंकला. मी जिंकू दिले असं समजू नकोस. त्याची बायको अजून बोलत नाही. तुझं पत्र तिने वाचलं आणि देवघरात ठेवलं, म्हणजे निम्मं काम झालं.

गारगोट्यांचं तुला घरी सांगणार होतो, पण बाई होत्या, मुलं होती, आणि मला ते बोलून नसतं जमलं.

मी एप्रिलात कपारीवर गेलो तेव्हा आधी गारगोट्याच दिसल्या. झाडं नंतर. नदीतल्या, पांढऱ्या, एका मापाच्या. मी खाली बसलो आणि मोजल्या. सहासष्ट. आईच्या डोळ्यांनंतरचे सहा डिसेंबर, दर वर्षी अकरा.

चौऱ्याऐंशीत ती टेकडीवर गेली आणि ऊन कलेपर्यंत आली नाही, तेव्हा मला वाटलं होतं, वर बसून रडत असेल. ती शोधत होती. टेकडी रिकामी दिसल्यावर ती घळीत उतरली असेल, त्या गुडघ्यांनी, आणि तिथे तिला तू लावलेली सापडली. शाल तिने मुद्दाम रिकामी आणली. गोठ्यापुढे दगड मांडले म्हणजे मेंढरं कुठून आणलीस असं कुणी विचारणार नाही. आणि कांदेलारियाला ते दगड शालीत बांधून ती खरंच मेंढरांकडे घेऊन जायची.

तुझा खोटेपणा तिला त्या दिवशी कळला असणार, आणि माझा त्याच्या तासभर आधी. तुला तिने कधी काही म्हटलं का? मलाही नाही.

जागा तिने मला का सांगितली नाही, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे. मी तिच्या जागी असतो तर मीही फिदेन्सियोला सांगितलं नसतं.

बाईंना सांग, नाव तेओदोरा. आडनाव आपलंच. वय लिहायचं असेल तर एकाहत्तर, कारण पहिल्या गारगोट्या नेल्या तेव्हा ती तेवढ्या वयाची होती. पेरायला मी येईन, पण एक अट आहे, त्या गारगोट्या कुणी हलवायच्या नाहीत. मोजायलासुद्धा नाही, मी मोजल्यात.

या डिसेंबरात नदीतून नव्या अकरा मीच आणतो. कांदेलारियाला तू ये, परत सोडायला दोघांनी जाऊ, आणि या वेळी घळीतच. टेकडीवरची जागा कधीतरी लागेल, पेरलेली उगवली की.

अबुंदियोलाही आण. गिटार घेऊन आला तरी आता चालेल. दारातून आत येऊ दे त्याला.

दादा